महाराजांच्या काठीवरचा गरुड

हिरडगडच्या भूपालराव महाराजांचा चेंडू काही केल्या उडेना. चेंडूमागची माती मात्र हातभर उडायची.

गोल्फच्या त्या काठ्या लाटसाहेबांनी स्वतःच्या संचातून भेट दिलेल्या. लाटसाहेब ताडासारखे उंच, हाताचे पंजे सुपाएवढे. महाराज अंगाने आटोपशीर. पण हे दोन्ही एका दमात बोलण्याची संस्थानात कोणाची छाती नव्हती. दिवाणांनी मैदानाला उतार आहे असं सांगून अर्धं मैदान खणून घेतलं. राजोपाध्यांनी चेंडूची शांती केली. सेनापतींचं मत वारा फितूर झाल्याचं पडलं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, की दोष काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या तुळाजीचा. तो चुकीची काठी हातात देतो.

तुळाजीची नोकरी गेली. शेजारच्या राजांशी दसऱ्याला सामना ठरला होता. तोवर महाराजांचा चेंडू सरळ गेला नाही, तर तुळाजीने बिऱ्हाड उचलून संस्थानाबाहेर जावं, असा हुकूम सुटला.

तुळाजीची बायको साळूबाई पागेत खोगिरं शिवायची. हुकूम ऐकून ती रडली नाही. नवऱ्यालाच म्हणाली, की जरा गप्प बसा, मला बघू द्या. दुसऱ्या दिवशी ती खोगिराचा पट्टा शिवत मैदानाच्या कडेला जाऊन बसली. महाराज काठीच्या अगदी वरच्या टोकाला धरत. कोपर पोटात रुतायचं, जाड मुठीभोवती बोटं पुरी मिटत नसत, आणि काठी खाली येताना आधी जमिनीला भेटायची. वैतागून परतताना मात्र त्यांनी हातातल्या आखूड छडीने वाटेवरचं कवठ टोलवलं. ते सणसणत थेट दिवाणांच्या बग्गीत जाऊन पडलं.

साळूबाईने सुई पट्ट्यात खोचली आणि ती महाराजांच्या समोर जाऊन उभी राहिली. चेंडू मी सरळ घालवून देते, माझ्या धन्याचं बिऱ्हाड राहू द्या, असं तिने सांगितलं.

महाराजांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "घालव. पण काठी लाटसाहेबांची भेट आहे. लाकूड केसभरही कापायचं नाही. आणि कसं उभं राहावं, कसं धरावं, हे आम्हांला कोणी शिकवायचं नाही."

दिवाण गालात हसले. म्हणजे काठी तीच, महाराज तेच, आणि चेंडू तेवढा निराळा जायचा!

"मुठीवरचं चामडं बदललं तर चालेल ना, महाराज?" साळूबाईने विचारलं. "घोडा तोच ठेवून खोगीर बदलतोच की आपण."

खोगिराची उपमा महाराजांना पटली. त्यांनी मान हलवली.

घरी येऊन साळूबाईने मुठीवरचं जाड चामडं उसवलं. त्याखालची कापडाची वेटोळी काढून टाकली. मग बकऱ्याच्या पातळ कातड्याची नवी मूठ शिवली, पण जुन्या जागी नव्हे; वीतभर खाली. वरची जागा उघडी पडली. तुळाजीच्या तोंडचं पाणी पळालं. तो म्हणाला, महाराज सवयीने तिथेच धरणार, आणि आपण आजच भांडी बांधलेली बरी. साळूबाई तोवर पागेकडे निघाली होती. पागेतल्या जमादाराकडून तिने चांदीचा एक छोटा गरुड मागून आणला आणि काठीच्या उघड्या भागावर पक्का बसवला.

गरुड हे हिरडगडचं राजचिन्ह. त्याला नमस्कार करायचा. हात लावायचा नाही. हा नियम खुद्द थोरल्या महाराजांनी घातलेला, आणि गादीवरच्या माणसालाही तो चुकलेला नव्हता.

दसऱ्याला दोन्ही राजे मैदानात उतरले. साळूबाईने काठी तबकातून पुढे केली. परक्या राजासमोर हिरडगडची काठी निशाणाशिवाय कशी जाणार, एवढंच ती म्हणाली. महाराज खूश झाले. त्यांनी सवयीने वरच्या टोकाला हात नेला. गरुड दिसला. हात थबकला, कपाळाला लागला आणि मुकाट्याने वीतभर खाली सरकला. बोटं मुठीभोवती पुरी मिटली. कोपर मोकळं झालं. काठी फिरली, आणि चेंडू माती न उडवता असा सुटला, की शेजारच्या राजांनी डोळ्यांवर हात धरून त्याला शोधलं.

दरबाऱ्यांनी जयजयकार केला. दिवाणांनी खणलेल्या मैदानाचं श्रेय घेतलं, उपाध्यांनी शांतीचं. महाराज मात्र आपल्या हाताकडे आणि गरुडाकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी साळूबाईला बोलावलं.

"तू आमची काठी आखूड केलीस."

"लाकूड मोजून घ्यावं, महाराज."

मोजलं. केसभरही कमी भरलं नाही. महाराजांचे डोळे बारीक झाले.

"मग खरं सांग. काठी लांब होती, की आम्ही बुटके?"

 तुळाजीने डोळे मिटून घेतले. लाटसाहेबांच्या भेटीला नाव ठेवावं तर पंचाईत, महाराजांना ठेवावं तर त्याहून मोठी.  साळूबाईने एकवार रांगेत उभ्या असलेल्या दरबाऱ्यांकडे पाहिलं, आणि पदर सावरला.

"काठीही बरोबर होती आणि महाराजही. पण आपल्या दरबारात सगळे मान खाली घालून उभे राहतात. त्यांना काठीचं खालचं टोक तेवढं दिसतं. चूक वरच्या टोकाला होती."

 आधी शेजारचे राजे फिसकन हसले, आणि त्यांच्यामागून भूपालराव महाराज पोट धरून असे हसले, की काठी टेकून उभं राहावं लागलं.

तुळाजीची पिशवी त्याला परत मिळाली. साळूबाईला मैदानालगत चामड्याच्या कामाचं दुकान आणि जरीचं लुगडं मिळालं, आणि संस्थानातली प्रत्येक काठी आधी तिच्या हाताखालून जाईल असं ठरलं. दरबाऱ्यांना हुकूम झाला, की उद्यापासून मान वर करून उभं राहायचं. महिनाभर राजवैद्यांकडे मानेला लावायच्या तेलासाठी रीघ लागली होती. सगळ्यांत पुढे दिवाण.