नागाईसाचं माहेर

केळझरीला गढी होती आणि नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गढीची मालकीण नागाईसा. विधवा बाई, पण सगळा कारभार एकहाती. असं म्हणतात, ती चालायला लागली की गढीतली कबुतरंसुद्धा घुमायची थांबायची. आणि माहेरचा अभिमान तर विचारूच नका! पैलतीरच्या नाईकांची ती एकुलती एक लेक.

तिच्या मुलीचं, रंभाईचं, लग्न निघालं. त्या काळी मांडवात भाट दोन्ही घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवायचा, मगच अक्षता पडायच्या. पिढ्या म्हणायच्या त्या बापाकडच्या. आईकडच्या कोण विचारतंय? पण नागाईसा भर मांडवात म्हणाली, "भाटबुवा, आता माझ्या माहेरच्याही पिढ्या म्हणा. ऐकू देत सोयऱ्यांना."

म्हाताऱ्या भाटानं हात जोडले.

"आईसाहेब, तशी रीत नाही."

"मी सांगते ना! घसा बसला का?"

"मांडवात खोटं बोलणार नाही, अशी देवीची आण आहे मला. नका म्हणायला लावू."

नागाईसा हसली. "माझ्या माहेरी खोटं बोलण्यासारखं आहे काय?"

मग भाट बोलला. नाईकांच्या घरी जन्मलेली मुलगी रडलीच नाही. त्याच दिवशी नदीकाठी एक कोळीण मुलीला जन्म देऊन दगावली. सुईणीनं ती तान्ही पोर पदराखाली लपवून नाईकांच्या घरात आणली.

"ती तुम्ही, आईसाहेब."

बायांनी तोंडाला पदर लावले. सनईवाल्याचा श्वास सनईतच अडकला, असं म्हणतात. सकाळी नागाईसानंच फर्मावलं होतं, कोळ्यांची पंगत मांडवाबाहेर, उकिरड्याच्या अंगाला.

नवऱ्यामुलाचा बाप खंबदेव ताडकन उठला. "चला रे! फसवलं आपल्याला." अख्खं वऱ्हाड नदीकडे निघालं. रंभाई मुंडावळ्या बांधलेली, आईकडे बघत राहिली. आईनं भाटाला एका शब्दानं खोटं ठरवलं असतं, तर वऱ्हाड तिथूनच मांडवात परत आलं असतं.

नागाईसा उठली ती थेट मांडवाबाहेर गेली. "माझं कोण आहे तुमच्यात?"

होडी चालवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या भिवाईनं हातातला घास खाली ठेवला. "मी. थोरली बहीण तुझी. मीच दिलं होतं तुला सुईणीच्या हातात."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस, अक्का?"

"काय बोलू? तुला दूध मिळत होतं."

नागाईसानं तिचा खरकटा हात तसाच धरला, मांडवात आणलं आणि चौरंगावर बसवलं. "आता माझ्या लेकीची ओटी तू भर."

तिकडे वऱ्हाड होडीत बसलं, पण होडी हलेना. वल्ही मोडली, दोर तुटले, पाणी धो धो वाहत होतं आणि होडी जागच्या जागी, असं म्हणतात. शेवटी नवरामुलगाच उडी मारून उतरला. "बाबा, तुम्ही बसा निवांत. मी लग्नाला जातो." तो उतरला मात्र, होडी सुसाट सुटली आणि खंबदेव ओरडत ओरडत पैलतीराला लागला.

केळझरीत अजून नवरीची पहिली ओटी कोळीवाड्यातली बाई भरते, मगच अंतरपाट धरतात. परवा आमच्या शेजारच्या लग्नात शहरातली सोयरी मंडळी घड्याळ बघत कुरकुरायला लागली, "मुहूर्त टळतोय की! एवढी वाट कुणाची बघताय?"

नवरीची आई शांतपणे म्हणाली, "मावशी यायची आहे."