टिटवीची सावली

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलत आणि माणसंही थांबून ऐकून घेत.

एका उघड्या माळावर एक गाव होतं. गावाच्या टोकाला एका घरात ऐन वैशाखात नात जन्माला आली. बारसं होईपर्यंत बाळ-बाळंतिणीने खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्या गावची रीत. पण त्या खोलीची भिंत होती मावळतीकडे. दुपार कलली की सगळं ऊन त्या भिंतीवर येऊन आदळे.

बारशाला अजून अवकाश होता आणि बाळ मलूल पडलं.

“आई, ही दूध ओढत नाही हो,” सून रडकुंडीला येऊन म्हणाली. “हलवलं तरी डोळे उघडत नाही.”

आजी धावत आत आली. तिने भिंतीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

“भिंत आहे की तवा!” आजोबा म्हणाले. “भाकऱ्या टाका आता हिच्यावर.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला? काहीतरी करा!”

आजोबांनी केलं. आतून ओली गोणपाटं टांगली, तर त्यांची वाफ होऊन खोली आणखीच कोंदली. मग त्यांनी माळावरची माती खणून आणली आणि भिंतीला बाहेरून जाड गिलावा दिला. दुपार जरा बरी गेली. आजोबांनी मिशीला पीळ भरला. पण सूर्य बुडाला, आणि दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन भिंत आत ओतू लागली.

दुसऱ्या दिवशी आजोबा कुदळ घेऊन आणखी माती आणायला निघाले, तेवढ्यात माळावर टिटवी ओरडू लागली. टिटवी ओरडली की घरात वाईट घडतं, असं सारं गाव मानी.

“मेली माझ्या नातीवर टपलीय!” आजीने दगड उचलला आणि भर उन्हात धावली.

धावली, आणि जागच्या जागी थबकली.

माळावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं. तापलेल्या खड्यांत टिटवीची अंडी होती, खड्यांसारखीच करडी, ठिपक्यांची. काडीसारख्या पायांवर टिटवी त्यांच्यावर ओणवून उभी होती. सूर्याकडे पाठ, पंख पसरलेले, चोच धापेने उघडलेली. वर सगळं आभाळ पेटलेलं, आणि खाली ओंजळभर सावली. त्या सावलीत एकूण एक अंडं.

एवढ्या मोठ्या सूर्यापुढे एवढंसं पाखरू! आजीच्या हातातला दगड कधी गळला, तिला कळलंही नाही.

“अगं, अंड्यांवर बसत का नाहीस?” तिने हळूच विचारलं.

“बसले तर माझं तापलेलं अंग त्यांना टेकेल,” टिटवी म्हणाली. “ऊन मी अंगावर घेते आणि त्यांच्यापासून थोडी वर राहते. मधून वारा जातो.”

“मग ओरडतेस कशाला?”

“तुझा म्हातारा माझ्या अंड्यांशेजारी कुदळ मारतो. तू नसतीस ओरडली?”

आजीने त्या ओंजळभर सावलीकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. ती वळली आणि लगबगीने घरी आली.

“अहो, ती कुदळ ठेवा खाली. भिंतीसमोर टिटवी उभी करायचीय.”

“काय उभी करायचीय?”

“बांबू आणा, कडबा आणा. सांगते.”

भिंतीबाहेर बांबू रोवले, त्यांना कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. आजोबा पेंढ्या भिंतीला टेकवायला गेले, तशी आजी ओरडली, “टेकवू नका! हातभर लांब. मधून वारा जाऊ द्या.”

दुपार कलली. ऊन आलं, कडब्यावर आदळलं आणि तिथेच अडलं. संध्याकाळी आजीने भीत भीत आतून भिंतीवर तळवा ठेवला. तो तिने तसाच ठेवला. मग गालही टेकवला. भिंत रांजणासारखी गार होती.

आणि बाळ रडलं. असं खणखणीत रडलं, की माळावरून टिटवीने ओ दिली.

“घ्या!” आजोबा हसले. “दोघी एकाच सुरात!”

सुनेने डोळे पुसले आणि बाळाला छातीशी घेतलं. आजी मात्र मातीच्या पसरट परळात पाणी घेऊन माळाकडे निघाली होती. त्या वैशाखात पुन्हा कुणी तिथे कुदळ मारली नाही.

तात्पर्य: झळ घरात शिरल्यावर विझवत बसण्यापेक्षा तिच्या वाटेत आधीच उभं राहावं.