पहिली मूठ भिक्खूंची

पूर्वी धान्यतट नगरीत अरिंदम राजा गादीवर असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्मले आणि वडिलांच्या मागे त्यांचा बैलांचा तांडा चालवू लागले. भद्रक हा त्यांचा धाकटा भागीदार. माणूस मनाने चांगला, पण जीव सदा गोणीत अडकलेला.

त्या नगरीत एक रीत होती. धान्य मोजायला बसलं, की पहिली पायली भरण्याआधी एक मूठ शेजारच्या मडक्यात टाकायची. ती भिक्खूंची. घाटाच्या तोंडाशी एक लेणं होतं. तिथले भिक्खू कातळात खोदलेलं टाकं निर्मळ ठेवत आणि आल्यागेल्याला पाणी देत. लेण्याला दोन दालनं. घाटावरचे, नगरीतले व्यापारी उजव्या दालनात धान्य ठेवून जात. खाडीकाठची मिठागरवाली माणसं डाव्या दालनात मीठ ठेवत आणि त्या तोलाचं धान्य घेऊन घाट उतरत. एकमेकांची भाषा कळत नसे, तोंडंही क्वचित दिसत. निघताना ही मिठागरवाली माणसंही मूठभर मीठ भिक्खूंच्या दगडी कुंडीत टाकत. घासाघीस नाही, राखणदार नाही, आणि तरी आजोबा-पणजोबांपासून एक गोण इकडची तिकडे झालेली नव्हती. असा बाजार ज्याला मिळाला, त्याने रोज सकाळी हात जोडावेत.

पण कुंडक नावाच्या मंत्र्याला हे पाहवेना. तसा हेतू वाईट नव्हता बिचाऱ्याचा. तो म्हणाला, "महाराज, एवढा माल उघड्यावर! दार लावू, कुलूप घालू, पहारेकरी नेमू. खर्चाला ती मूठ आहेच, ती वेशीवरच मोजून घेऊ. भिक्खूंना शिधा कोठारातून जाईल."

राजाला पटलं. मूठ वेशीवर सक्तीने वसूल होऊ लागली. लेण्यातल्या वृद्ध स्थविरांनी कोठाराचा शिधा पाहिला आणि म्हणाले, "देणाऱ्याच्या मनातून न सुटलेलं अन्न आम्हाला घेता येत नाही." ते भिक्खूंसह पलीकडच्या डोंगरात निघून गेले.

मिठागरवाले घाट चढून आले, त्यांनी कुलूप पाहिलं आणि गोणी न उतरवताच बैल माघारी वळवले. इथे कुलूप लागलंय म्हणजे इथे चोरी झालीय, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला. पहारेकऱ्यांनी हाका मारल्या, तशी माणसं आणखी भरभर उतरली.

नगरीतलं मीठ संपलं. चाटायला मीठ नाही म्हणून गुरं गळून गेली, लोणची नासली. भद्रकाची बायको उप्पला ताट वाढताना म्हणाली, "एवढं धान्य साठवलंत ना, तेच लावा आता तोंडी."

बोधिसत्त्व राजाकडे गेले. "महाराज, लेण्याचं दार काढा. मूठ पुन्हा ज्याच्या त्याच्या मनावर सोडा. मी माझं सगळं धान्य तिथे उघड्यावर ठेवतो."

"आणि लुटलं गेलं तर?"

"तर माझं गेलं, महाराज."

राजाच्या ताटातही मीठ नव्हतंच. त्याने होकार दिला.

भद्रक मात्र रस्ताभर पाठी लागला. "दादा, 'माझं' काय म्हणता? निम्मं माझंही आहे! अहो, भिक्खूंच्या भरवशावर कुणी भांडवल टाकतं?"

"भिक्खूंच्या नाही रे. मूठ टाकणाऱ्यांच्या. ज्या घरात आपण स्वतः ताटात घास वाढलाय, तिथे चोरी करायला कुणाचा हात धजत नाही. इतकी वर्षं तोच आपला पहारा होता."

घरोघरच्या बायकांनी आपणहून मुठी पलीकडच्या डोंगरात नेऊन दिल्या. उप्पलाची सर्वांत मोठी. ते पाहून स्थविर परतले. दार निघालं, उजवं दालन छतापर्यंत भरलं. भद्रक म्हणाला, "मी त्या दगडाआड बसून नुसतं बघतो."

"लपून बघणं हाही पहाराच. चल घरी."

पुढे काही दिवस भद्रकाला अन्न गोड लागलं नाही, आणि त्याचं कारण फक्त मीठ नव्हतं. शेवटी दोघे दालनात न मावलेलं धान्य बैलांवर घालून घाटात आले. उजवं दालन रिकामं होतं. भद्रक डाव्या दालनाकडे धावला. तेही रिकामं!

"बुडालो, दादा!" तो ओरडला.

बोधिसत्त्व दगडी कुंडीपाशी वाकले. तळाशी मूठभर मीठ होतं, त्यात भाकरीचे कण मिसळलेले. स्थविर म्हणाले, "ते मीठ न आणता नुसते बैल घेऊन पाहायला आले होते. उपाशी होते, धान्य घेऊन गेले. टाकायला काही नव्हतं, म्हणून शिदोरीतलं मीठ टाकलं."

भद्रक त्या मिठाकडे बघत राहिला. स्वतःचा घास अळणी करून कुणीतरी ते ठेवलं होतं. मग त्याने बैलावरची गोण सोडली, पहिली मूठ कुंडीत टाकली आणि तो उरलेलं धान्य उजव्या दालनात उतरवू लागला. शेवटची गोण खांद्यावर असतानाच घाटाखालून बैलांच्या घंटा ऐकू आल्या. वळणावळणाने पांढऱ्या गोणींची रांग वर येत होती.

भद्रकाने गोण खाली ठेवली आणि येणाऱ्यांसाठी टाक्यातून पाणी काढायला घेतलं.

ही गोष्ट सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, दान करून हाती काय लागतं, असं काल विचारणारा गृहस्थ तेव्हा कुंडक होता. आनंद भद्रक होता, सारिपुत्त ते स्थविर आणि धान्याचा व्यापारी मी. त्या मुठी टाकणाऱ्यांची नावं कुणी कोरून ठेवली नाहीत. आज तुमच्या पात्रात पडलेला घास त्यांचाच आहे, तो कृतज्ञतेने घ्या. मोकळ्या मनाने देणं आणि दिलेल्यावर विश्वास ठेवणं, हीच दानाची परिपूर्णता, दानपारमिता."