बारा उंदरांची नावं

“...आणि सूज कुणाला आलीय?”

वाळकूबाबानं विचारलं, आणि रोहिदासची जीभ अडखळली.

दोघं कड्याखाली उतारवेलीपाशी उभे. भली भली सूज उतरवणारी वेल, पण तिची जागा अख्ख्या डोंगरात एकट्या बाबाला ठाऊक. रीत अशी, की आदल्या सांजेला मुळाशी तांदूळ ठेवायचे, दुखणाईताचं नाव वेलीला सांगायचं, आणि उजाडल्यावर पाला तोडायचा. नाव नाही, तर पाला नाही.

रोहिदास बाबाच्याच हाताखाली शिकलेला. पोरगा हुशार, पण मान ताठ. आता शहरातल्या मोठ्या कॉलेजात औषधांवर संशोधन करत होता. सोमवारी पाला पोचला नाही, तर दोन वर्षांचं काम मातीत जाणार होतं. आणि दिवस तर कलत चाललेला.

“बारा उंदीर आहेत, बाबा.”

“सुजलेत?”

“नाही... सोमवारी सुजवायचेत. पायात सुई टोचून.”

“कोण टोचणार?”

“...मीच.”

“सुजवणार तू, उतरवणार तू. देवाला घरीच बसवलास की रे!”

रोहिदासच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“तुमच्या हाताला गुण आहे, हे कागदावर आल्याशिवाय कोण मानतं? सहांना पाला, सहांना नुसतं पाणी. फरक दिसला, तर उद्या किती माणसं उठून चालतील, बाबा!”

“आणि पाणीवाले सहा?”

“त्यांची सूज फक्त मोजायची.”

“ते तसेच ठणकत राहायचे?”

“...हो.”

बाबानं कनवटीचे तांदूळ सोडून त्याच्या ओंजळीत ओतले.

“घे नावं.”

रोहिदास गुडघ्यावर बसला. “एक नंबर... दोन नंबर...” सहा झाले. तांदूळ ठेवायला वाकला, तोच बाबानं मनगट धरलं.

“अजून सहा राहिले.”

“पण त्यांना पाला द्यायचाच नाही! त्यांची नावं वेलीला कशाला?”

मनगट सुटेना. कड्यावरचं ऊन निघून गेलं...

“सात,” रोहिदास पुटपुटला. “आठ... नऊ...”

“बारा,” म्हणत त्यानं ओंजळ उघडली. तांदूळ मुळाशी सांडले.

तेव्हा बाबानं धोतर वर सारलं. गुडघा टम्म सुजलेला, कातडी चकाकतेय.

रोहिदास चरकला. “या पायानं एवढं उतरलात? उद्या पाला तोडला की पहिला लेप तुम्हाला!”

बाबा काठीवर भार देत उठला.

“वहीत लिही. तेरावा... नुसत्या पाण्यावर.”