मथुरेचा नेम आणि लोखंडी राक्षस

एका राज्यात, नदीकाठच्या विणकरांच्या गावात मथुरा नावाची एक विणकरीण होती. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं देवापुढं नेम धरला, की समोर येईल त्याला 'जेवलास का' विचारल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. नवरा केरोबा मागावर बसे, ती सूत कातून देई. घरोघरी धोटे खटखटत आणि गाव त्या तालावर जागं होई.

मग राजधानीत एक जादूगार सौदागर आला. त्यानं गिरणी काढली, तिला आभाळाला भिडणारं धुराडं बांधलं, त्याखाली लोखंडी राक्षस जुंपला. राक्षस कोळसा खाई आणि गावाला वर्षभर लागेल एवढं कापड एका दिवसात सूत कातून विणी. कापड स्वस्त झालं, बाजार भरले, राजा खूश झाला. खेड्यातले माग मात्र मुके झाले. पुरुषमाणसं एकेक करून गिरणीची वाट धरू लागली.

केरोबानंही धरली. घरून निघताना रीतीप्रमाणे 'येतो' म्हणाला. पण गिरणीच्या दाराशी सौदागरानं गोड हसून विचारलं, "काय पाहुणे, कुठं निघालात?" घाईघाईत केरोबा बोलून गेला, "कामाला जातो." झालं! निघणाऱ्यानं 'जातो' म्हणू नये. त्या दाराशी म्हटलं की परतीची वाट पुसली जाई. असे हजार जण तिथं चुकले होते. कुणाला गाव आठवेना, कुणाला घर आठवेना.

दिवाळी आली नि गेली, केरोबा आला नाही. एके सकाळी परसात एक साळुंकी उतरली. मथुरेनं विचारलं, "जेवलीस का गं?" आणि चार दाणे टाकले. दाणे टिपून साळुंकी म्हणाली, "बाई, तुझा धनी जिवंत आहे, पण घर विसरलाय. संक्रांतीच्या आत सोडवलास तर तुझा. नाहीतर राक्षसाच्या अंगातला एक खिळा होऊन राहील."

मथुरेनं भाकऱ्या बांधल्या आणि ती निघाली. गिरणीच्या दाराशी येऊन तिनं सौदागराकडं नवरा परत मागितला.

सौदागर म्हणाला, "तीन कामं कर, नवरा घेऊन जा."

"सांगा."

"हा धूर कातून दाखव."

मथुरेनं टकळी फिरवली. धूर मऊ निघाला. तिनं लड घालून त्याच्यापुढं ठेवली.

"आता या हजारांतून नवरा ओळख. नाव घेऊन हाक मार."

सगळ्यांचे कपडे सारखे, तोंडं काजळलेली. नवऱ्याचं नाव मथुरेनं कधी घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही. "अहो," एवढंच म्हणाली. हजारच्या हजार माना वर झाल्या.

सौदागर हसला. "यातला तुझा कोणता?"

"तो कोपऱ्यातला. सगळ्यांत उशिरा मान वर केली तो. घरीही तसंच असतं."

सौदागराचं हसू मावळलं. "शेवटचं. राक्षसाला हात न लावता थांबव."

राक्षस धडधडत होता, भुई हादरत होती. मथुरेला काही सुचेना. सकाळपासून ती उपाशी होती. भाकरीची गाठ सोडली, आणि नेमाप्रमाणे समोरच्याकडं पाहिलं.

"बाबा, जेवलास का?"

चाक मंदावलं. राक्षस म्हणाला, "कोळसा टाकतात. त्याला जेवण म्हणतात का, बाई?"

"नाही रे. बस जरा."

तिनं पान मांडलं. भाकरी, लसणीची चटणी, एक कांदा. राक्षस मांडी घालून बसला. चाकं थांबली. गिरणीत एवढी शांतता झाली की हजार जणांना आपापलं घर आठवलं. दाराशी येऊन ते म्हणाले, "येतो."

घास गिळून राक्षस म्हणाला, "या."

तिथं आजवर कुणी कुणाला 'या' म्हटलं नव्हतं. शाप तुटला, सौदागर राखेसारखा उडून गेला. राजानं फर्मान काढलं: गिरणी चालावी, पण आठवड्यातून एक दिवस राक्षसाला पान मांडावं, माणसांनी घरी जावं, आणि गिरणीचं सूत गावोगावच्या मागांना मिळावं.

वाटेत केरोबा म्हणाला, "सगळी भाकरी त्यालाच वाढलीस?"

"एक राहिलीय. अर्धी तुमची," मथुरा म्हणाली, आणि दोघं झाडाखाली बसली.

बायांनो, तुम्हीही एवढं करा. राबून आलेला कुणीही असो, काम सांगण्याआधी त्याला जेवलास का विचारा. मथुरेचं माणूस जसं घरी आलं, तसं तुमचं-आमचं येवो.