पांढऱ्या मातीचे गोल

शेळ्यांच्या त्या राज्यात उन्हाळ्याच्या अखेरीस गवत फक्त घळीपलीकडे उरत असे. दगडादगडांवरून उड्या मारत कळपाला घळ ओलांडावी लागे. जे अलीकडे राहत, त्यांचं पुढे काय होई, ते कुणी बोलत नसे.

करडांना तयार करण्यासाठी कुंपणात शाळा होती. तिथे बोकडगुरुजी घळीतल्या चाळीस दगडांची नावं पाठ करून घेत. भुरी शेळीच्या लेकीला ती उलट्या क्रमानेही येत. पहिल्याच वर्षी घळ ओलांडताना अकराव्या दगडावरून तिचा पाय निसटला.

तेव्हापासून शाळा सुटली की भुरी करडांना ओढ्यावर नेई आणि डोंगर-पाणी खेळवी. खडक म्हणजे डोंगर. पाण्यात पाय पडला की राज्य आलं. करडं पडत, भांडत, गुडघे फोडून घेत.

"मावशी, हा दगड हलतोय," त्यांतली कबरी म्हणाली.

"मग त्याच्याशी गप्पा काय मारतेस? सोड की त्याला."

"पण इथे सगळेच हलतात."

"आता कशी शहाणी झालीस."

बातमी पंचांपर्यंत गेली. ओरडा बसणार असं भुरीला वाटलं, पण पंच खूश झाले. इतका चांगला खेळ शाळेबाहेर का, असं त्यांनी विचारलं. आणि ओढ्यात कशाला, पोरांना लागतं.

खेळ कुंपणात आला. सपाट जमिनीवर पांढऱ्या मातीचे चाळीस गोल काढले गेले. ओढ्यावर जायला बंदी झाली. ज्याचा पाय गोलाबाहेर पडत नसे, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधत. देखरेखीला भुरीलाच नेमलं. खेळ अगदीच नसण्यापेक्षा हा बरा, म्हणून ती उभी राहिली. करडं आता पडत नव्हती. हसतही नव्हती, पण तिने ते मनावर घेतलं नाही. कबरीला सात घुंगरं मिळाली.

गवत संपलं. मोठ्या शेळ्या एकेक करून घळीपलीकडे गेल्या. करडं काठावर रांगेत थांबली.

भुरी पहिल्या दगडावर उतरली. "ये गं कबरे. ओढ्यात मारायचीस तशीच उडी."

"तेव्हा मी लहान होते." कबरीने वाकून पाहिलं. "मावशी, इथे गोल काढलेच नाहीत."

"इथे गोल नसतात, बाई."

"मग पाय कुठे ठेवायचा?"

गुरुजींनी ते ऐकलं. चूक आपलीच, असं त्यांना मनापासून वाटलं. ते काठावरची पांढरी माती खुरांनी घळीत लोटू लागले. वाऱ्यावर ती पसरली, खाली खाली जात राहिली, कुठेच टेकेना. करडं मात्र एकही घुंगरू न वाजवता, शिस्तीत, गोल उमटायची वाट पाहत उभी होती.