बागेतलं माहेर

एक होता राजा, धुंडिराज त्याचं नाव. त्याची राणी मेयी, पार चीन देशाची. नागपंचमी आली की गावातल्या लेकीसुना माहेरी जायच्या. मेयीचा भाऊही तिला न्यायला जहाज घेऊन यायचा, बरं का, आणि राजा त्याला बंदरावरूनच परत धाडायचा. भेटूसुद्धा द्यायचा नाही! काय म्हणावं अशा माणसाला?

"आई थकलीय हो, एकदा तरी भेटू द्या," राणी म्हणाली.

"एवढंच ना? तुझं माहेर इथेच आणतो!"

मग राजानं बागेत बंगली बांधली. कशावरून? तर चिनी बरणीवरच्या चित्रावरून! छपराची टोकं वर वळलेली, कोपऱ्याकोपऱ्यात घंटा. राणीनं मान फिरवली. मग राजानं तळं खोदलं, वर लाल पूल टाकला. राणीनं डोळ्यांना पदर लावला. मग राजानं काय करावं? म्हाताऱ्या आचाऱ्याला नि त्याच्या बायकोला रेशमी झगे चढवले, बंगलीत बसवलं आणि म्हणाला, "हे घे आईबाप."

राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या जागी कुणालाही बसवायचं? आई म्हणजे काय बाहुली आहे? ती तडक बंगलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

दिवस गेले, राणी येईना. राजाला घास गोड लागेना. मग तोच दाराशी गेला. "चल ना आता घरी."

"मी माहेरी आलेय," राणी आतून म्हणाली. "तुम्हीच आणलंत ना? मग आईनं पाठवणी केल्याशिवाय कशी येऊ?"

राजा आचाऱ्याच्या बायकोवर ओरडला, "पाठव हिला!"

म्हातारी खिडकीशी आली. तीही चिडली होती. "महाराज, हिची आई तिकडे वाट बघतेय. लेक डोळे भरून पाहिल्याशिवाय कुठली आई पाठवणी करील? जा, तिला विचारून या."

राजाची मान खाली गेली. मग त्यानं जहाज काढलं आणि राणीला स्वतः माहेरी नेलं. आईनं लेकीला जवळ घेतलं, तिला कितीतरी वेळ सोडलंच नाही.

परत आल्यावर राणीनं दवंडी पिटवली. ज्या सुनेला सासरचे माहेरी धाडत नाहीत, तिनं बंगलीत येऊन बसावं. मग सासरच्यांनी गुमान गाडी जुंपायची. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी बंगली भरली, पायरीवरही जागा उरली नाही! इतक्या जणी, आणि कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

मग सगळ्या आईला भेटून आल्या, राजाराणीही सुखानं नांदली. चला, मिटा डोळे. उद्या तुमच्या आईला माहेरी जायचंय, तिला लवकर निजू द्या.